शाळेसाठी लिलाव



कापसाची वेचणी आवरत येते, दादर निसवू लागते, आणि खानदेशातल्या गावोगावच्या शाळांत स्नेहसंमेलनाची गडबड सुरू होते. त्याच वेळी मास्तरांच्या डोक्यात एक वेगळाच हिशेब चालू असतो. कुठे छपराचे पत्रे बदलायचे असतात, कुठे मुलींच्या स्वच्छतागृहाला पाण्याची टाकी हवी असते, कुठे कुंपणाची भिंत कमरेइतकी येऊन थांबलेली असते. सरकारी अनुदान येते, पण ते ज्या कामासाठी येते त्याच कामाला लावावे लागते. राहिली वर्गणी. आता वर्गणीची वही घेऊन एकाच दारी वर्षातून तिसऱ्यांदा जाणे कोणाला आवडेल? दार उघडणाऱ्यालाही नाही आणि दार वाजवणाऱ्यालाही नाही. म्हणून पुष्कळ शिक्षक विचारतात, "सर, संमेलनाच्या दिवशी लिलाव केला तर?"

करावा, अवश्य करावा. पण तो कसा चालतो हे आधी समजून घ्यावे, कारण लिलाव हे दुधारी शस्त्र आहे. नीट चालला तर तासाभरात शाळेचे काम होते आणि गावाला एक आनंदाची संध्याकाळ मिळते. बिघडला तर पैसे येत नाहीत ते नाहीतच, वर दोन घरांची तोंडे दोन दिशांना होतात.

लिलाव हा शब्द मुळात आपला नव्हे. पोर्तुगीजांच्या भाषेतला 'लैलांव' किनाऱ्याला उतरला आणि मराठीत 'लिलाव' होऊन राहिला. शेतकऱ्याच्या कानाला तो फारसा गोड लागत नाही, आणि त्याला कारण आहे. जप्ती आली की लिलाव, कर्ज थकले की लिलाव. घरातली भांडी अंगणात मांडली जातात आणि शेजारी त्यांवर बोली करतात, हे चित्र जुन्या माणसांच्या डोळ्यांपुढून अजून गेलेले नाही. म्हणून शाळेच्या पत्रिकेत नुसते 'लिलाव' असे छापण्यापेक्षा 'शाळेसाठी बोली' असे छापावे, असे मी सुचवीन. बोली हा शब्द आपल्याकडे देवाधर्मात रुळलेला आहे. गणपतीच्या विसर्जनाआधी नारळाची बोली होते. सप्ताहाच्या शेवटी प्रसादाची होते. श्वेतांबर जैन मंडळींत पर्युषणात महावीर-जन्मवाचनाच्या दिवशी चौदा स्वप्नांच्या बोल्या होतात, आणि त्या पूर्वापार रुपयांत न बोलता मणभर, दोन मण तुपात बोलल्या जात. त्या तुपाचा रुपयांतला दर ठरलेला असे. बोलीत चढाओढ असते, पण अपमान नसतो. शाळेला हवी आहे ती हीच.

आता बाजारातला लिलाव आठवून पाहा. जळगावचे, धुळ्याचे, चोपड्याचे किंवा दोंडाईच्याचे मार्केट यार्ड तुम्ही पाहिलेलेच आहे. मालाचा ढीग, भोवती व्यापाऱ्यांचा घोळका, आणि शेतकरी थोडा बाजूला उभा राहून त्यांचे चेहरे वाचतो आहे. एके काळी रुमालाखाली बोटे धरून भाव ठरत. खाली काय ठरले ते मालाच्या धन्याला कळत नसे. त्या चालीला आळा घालायला कायदे झाले. महाराष्ट्राचा १९६३ चा बाजार समित्यांचा कायदा हा त्यांपैकीच. माल उघड बोलीने, सर्वांच्या देखत विकला जावा असा त्याचा रोख आहे. उघडपणा हा लिलावाचा प्राण आहे हे आपला शेतकरी पुस्तकात न वाचताही जाणतो.

पण बाजारच्या बोलीत आणि शाळेच्या बोलीत एक मोठा फरक आहे. बाजारात घेणारा भाव खाली ओढतो, विकणारा वर. शाळेच्या अंगणात मात्र घेणारा, विकणारा आणि बघणारा असे सगळे एकाच बाजूचे असतात. पाच रुपयांचा गूळ पाचशेला गेला तर टाळी घेणाऱ्याच्याच नावाने पडते. म्हणजे तिथे वस्तूची किंमत नावापुरती असते. माणूस देणगीच देत असतो. वस्तू हे देण्याचे निमित्त. असे असेल तर मग नुसती देणगीच का मागू नये? एक तर नुसते मागितले की देणारा आपल्या ऐपतीचा विचार करतो. बोलीत तो शेजाऱ्याच्या बोलीचाही विचार करतो. दुसरे म्हणजे, बोलीत देणाऱ्याला हसत खेळत देता येते. उपकार केल्याचा किंवा झाल्याचा भार कोणावर राहत नाही.

यातली गंमत अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायची तर अशी. उघड लिलावात भाव कोण ठरवतो? आपल्याला वाटते, जो घेतो तो. नाही. जो शेवटी थांबतो, म्हणजे दुसरा माणूस, तो भाव ठरवतो. समजा, पाटील एका गोधडीला तीन हजारांपर्यंत जायला तयार आहेत, पण दुसरा कोणी आठशेच्या पुढे जात नाही. मग ती गोधडी साडेआठशे-नऊशेलाच जाणार. पाटलांच्या मनातले तीन हजार मनातच राहतील. ही गोष्ट विल्यम विक्री या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ साली एका निबंधात नीट मांडली आणि १९९६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. लिलावावर लिहिणाऱ्या माणसाचे नावच विक्री असावे हा आपल्या मराठी कानांपुरता योगायोग! मुद्दा ध्यानात ठेवा: एका माणसाला फार आवडेल अशी वस्तू शाळेच्या लिलावात निरुपयोगी. दोघांना, तिघांना सारखीच हवी असेल अशी वस्तू शोधली पाहिजे.

अशा वस्तू कोणत्या? शहरी लोकांची नक्कल करून फुलदाण्या आणि भिंतीवरची घड्याळे मांडू नका. त्यांना आपल्याकडे दुसरा बोलीवाला मिळत नाही. आपल्या गावात काय आहे ते पाहा. रावेर-यावलकडे केळीचा एक देखणा घड, बामणोदकडची भरताची वांगी टोपलीभर, हाताने केलेल्या शेवया, बिबड्या, घरचे लोणचे, आजीने शिवलेली गोधडी. यांना भाव येतो, पण बेताचा. खरा भाव येतो तो कामाला आणि खताला. एक ट्रॉली चांगले कुजलेले शेणखत बोलीवर काढून पाहा. ते गावातल्या प्रत्येक शेतकऱ्याला हवे असते, म्हणजे दुसरा, तिसरा, दहावा बोलीवाला आपोआप हजर. ट्रॅक्टरवाल्याने एका दिवसाची नांगरटी शाळेला द्यावी, गवंड्याने दोन दिवसांचे काम द्यावे, पंप दुरुस्त करणाऱ्याने एक मोटर बांधून द्यावी. ज्याच्यापाशी रोख रुपये नाहीत त्यालाही देण्यासारखे पुष्कळ असते, ते असे. गवंड्याचे दोन दिवस चार हजारांना गेले तर त्या चार हजारांवर बोली जिंकणाऱ्याइतकाच गवंड्याचाही हक्क आहे. पुकारा करताना त्याचे नाव आधी घ्यावे.

मुलांच्या हातच्या वस्तूही असाव्यात, मात्र एक पथ्य पाळून. एकेका मुलाचे चित्र वेगळे बोलीवर लावू नये. सरपंचांच्या नातवाचे चित्र दोन हजारांना जाईल आणि ऊसतोडीला गेलेल्या आईबापांच्या मुलाचे चित्र वीस रुपयांना. ते मूल मंडपात बसलेले असते आणि आकडे त्याला कळतात. साऱ्या वर्गाची चित्रे एका वहीत शिवावीत आणि 'चौथीची वही' म्हणून एकच बोली लावावी. एवढ्या एका गोष्टीसाठी सगळा लिलाव रद्द करावा लागला तरी चालेल, असे माझे मत आहे.

शाळेची स्वतःची मालमत्ता मात्र हात लावण्याआधी विचारून घ्यावी. जुने बाक, उतरवलेले पत्रे, मोडलेल्या इमारतीची लाकडे हे सारे विकून टाकू, असा मोह होतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत या वस्तूंचे आधी रीतसर निर्लेखन व्हावे लागते. मंजुरी आल्यावरच जाहीर लिलाव. मुख्याध्यापकाने उत्साहाच्या भरात पत्रे विकले आणि पुढे चौकशीत तोच अडकला, असे होऊ नये. लोकांनी आणून दिलेल्या वस्तूंना ही अडचण नाही.

आणखी एक फरक सांगून ठेवतो. लिलाव वेगळा आणि सोडत वेगळी. दहा-दहा रुपयांची तिकिटे विकून चिठ्ठी काढणे आणि ज्याची निघेल त्याला सायकल देणे, ही लॉटरी झाली. तिच्यावर मुंबई राज्याच्या काळातल्या, १९५८ च्या कायद्याचे बंधन आहे, आणि परवानगीवाचून ती करणे गुन्हा ठरू शकतो. शाळेने त्या वाटेला जाऊच नये. मुलांसमोर नशिबाचा खेळ मांडायचा कशाला?

पैसा उभा करताना लिलाव कसा चालवावा याचा आपल्या देशातला मोठा वस्तुपाठ महात्मा गांधींनी घालून दिला आहे. ७ नोव्हेंबर १९३३ पासून पुढे सुमारे नऊ महिने अस्पृश्यतानिवारणासाठी त्यांनी देशभर दौरा केला. त्या दौऱ्यात सुमारे ८ लाख रुपये जमले. त्या काळचे ८ लाख, बरे का. गावोगाव त्यांना मानपत्रे मिळत, चांदीच्या पेट्या मिळत, सुताचे हार मिळत. सभा संपण्याआधी ते ती मानपत्रे आणि पेट्या तिथेच बोलीवर काढीत, पुष्कळदा पुकारा स्वतःच करीत. स्वाक्षरीलाही त्यांनी पाच रुपये दर लावला होता. वस्तू तिथल्या तिथे विकली जाई, पैसा तिथल्या तिथे निधीत जाई. चांदीची पेटी आश्रमाच्या कपाटात जाऊन बसली नाही. आपल्या शाळांच्या कपाटात पाहुण्यांनी दिलेली किती मानचिन्हे धूळ खात पडली आहेत ते एकदा मोजून पाहा.

याच दौऱ्यातली एक हकिगत शिक्षकांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. १९३४ च्या जानेवारीत केरळातल्या वडकरा गावी कौमुदी नावाच्या सोळा वर्षांच्या मुलीने अंगावरचे दागिने उतरवून दिले. गांधींनी ते लगेच घेतले नाहीत. आईवडिलांची परवानगी आहे का, हे त्यांनी विचारले, आणि दिल्यावर त्याऐवजी नवे दागिने मागणार नाहीस ना, हेही विचारून घेतले. पैसे हवे असणाऱ्या माणसाने देणाऱ्याला थांबवून असे विचारावे, हे सोपे नाही. बोलीच्या भरात एखादा मजूर आपल्या आठवड्याच्या मजुरीइतकी बोली करून बसला, तर पुकारणाऱ्याने ते ओळखावे आणि हसत हसत दुसऱ्याची बोली वर उचलावी. ती कला त्याच्या अंगी हवी.

म्हणून पुकारणारा माणूस निवडताना नुसता खड्या आवाजाचा निवडू नका. गावातल्या प्रत्येक घराची स्थिती ज्याला ठाऊक आहे, जो कोणत्याही भाऊबंदकीत नाही, आणि ज्याला थट्टा करता येते पण टोचून बोलता येत नाही, असा माणूस पाहा. मार्केट यार्डात पुकारा करणारा एखादा निवृत्त माणूस असेल तर सोन्याहून पिवळे. तो 'एक वार, दोन वार' म्हणताना थांबायचे कुठे हे जाणतो. अहिराणीत बोलणारा असेल तर आणखी चांगले. 'आमना गावनी शाळा' एवढे दोन-तीन शब्द कानावर पडले की लोक सैल होतात. मुख्याध्यापकाने मात्र स्वतः पुकारा करू नये. ज्यांच्या मुलांना तो उद्या गुण देणार, त्यांच्याकडून त्याने आज बोली मागावी हे बरे दिसत नाही.

भाऊबंदकीचा उल्लेख केला तो उगीच नाही. एका गावी मी असा प्रकार पाहिला आहे. एका नारळावर दोन चुलत भाऊ लागले. नारळ गेला एका बाजूला आणि बांधाचे भांडण आले मधे. आकडा सात हजारांवर गेला, मंडपात टाळ्या, आणि दोघांच्याही बायका मान खाली घालून बसलेल्या. पैसा पुढे शाळेला मिळाला की नाही, हे मी विचारले नाही. अशा वेळी पुकारणाऱ्याने नारळ फोडावा, निम्मा निम्मा दोघांना द्यावा आणि पुढची वस्तू काढावी. मोठ्या वस्तूंवर बोलीची कमाल मर्यादा आधीच जाहीर केली तरी हरकत नाही. मर्यादेला दोघे पोचले तर वस्तू दोघांची.

बायकांचे काय? चार वडीलधाऱ्या माणसांसमोर सून उठून बोली लावील, असे पुष्कळ गावांत अजून घडत नाही. पण बचत गटामुळे आज हातात स्वतःचा पैसा असलेल्या बायका गावोगाव आहेत. त्यांच्यासाठी कागदी बोली ठेवावी. प्रत्येक वस्तूजवळ एक कागद आणि पेन्सिल ठेवायची. ज्याला हवे त्याने आपले नाव आणि आकडा लिहायचा. पुढच्याला वाटले तर त्याने त्याखाली वाढवून लिहायचे. ठरलेल्या वेळी घंटा झाली की शेवटचा आकडा पक्का. शेवया, लोणची, गोधड्या, रोपे या वस्तू या पद्धतीने मांडाव्यात. आरडाओरडा नाही, कोणाकडे पाहून लाजायला नको. माझा अंदाज असा की कित्येक ठिकाणी या कागदांवरची बेरीज मंडपातल्या बोलीशी बरोबरी करील.

आता आकड्यांकडे वळू. समजा, पाण्याच्या टाकीला आणि नळांना मिळून ६०,००० रुपये हवे आहेत. हे सगळे लिलावातून निघेल अशी आशा धरू नये. निम्मे आधी वर्गणीतून आणि बाहेरगावी नोकरीला असलेल्या माजी विद्यार्थ्यांकडून गोळा करावेत, आणि 'तीस हजार जमले, तीस हजार उणे' असा फलक मंडपात लावावा. उणे किती हे डोळ्यांपुढे दिसले की बोलीला अर्थ येतो. प्रत्येक बोलीनंतर एका मुलाने फलकावरचा आकडा खडूने पुसून नवा लिहावा. वस्तू वीस-पंचवीसच्या वर नकोत. एकेका वस्तूला तीन मिनिटे धरली तर सवा तास होतो. त्यापलीकडे माणसे चुळबूळ करतात आणि मुले झोपतात. सुरुवात हलक्या वस्तूने करावी, पाच-दहा रुपयांनी बोली वाढेल अशा, म्हणजे मागे बसलेल्या माणसाचाही आवाज एकदा निघतो. एकदा आवाज निघाला की तो पुन्हा निघतो. शेणखत आणि नांगरटी मध्याच्या थोडी पुढे घ्यावी, मंडप भरलेला असताना. सर्वांत मोठी वस्तू शेवटी ठेवण्याची चूक पुष्कळ जण करतात. तोवर निम्मी मंडळी घरी गेलेली असतात. प्रत्येक वस्तूला सरकारी बोली, म्हणजे जिच्याखाली वस्तू जाणार नाही ती रक्कम, बाजारभावाच्या निम्म्याने ठेवावी. फार वर ठेवली तर पहिलाच माणूस तोंड उघडत नाही.

दिवस कोणता? कापसाचे पैसे हातात असतात तेव्हाचा. दिवाळीनंतर ते २६ जानेवारीपर्यंत. प्रजासत्ताकदिनी सारे गाव शाळेत असतेच. निवडणुका तोंडावर असतील तर मात्र लिलाव पुढे ढकलावा. उमेदवार शाळेच्या मंडपात येतो, तो शाळेसाठी येत नाही. त्याने हजाराची वस्तू पन्नास हजारांना घेतली तर पैसा येईल, पण मंडप त्याचा होईल.

निवडणुकीचे नाव निघाले म्हणून आपल्याच भागात घडलेला एक प्रकार सांगतो. १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यात असलेल्या आणि आता नंदुरबार जिल्ह्यात असलेल्या खोंडामळी या गावी, तसेच शेजारच्या नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे या गावी ग्रामपंचायतीच्या पदांचाच लिलाव झाल्याचे उघडकीस आले. बोलीचे आकडे वर्तमानपत्रांत आले ते खोंडामळीत ४२ लाखांचे आणि उमराण्यात दोन कोटींवरचे. पैसा देवळाच्या कामाला लावायचा होता. जानेवारी २०२१ मध्ये राज्य निवडणूक आयोगाने दोन्ही ठिकाणच्या निवडणुका रद्द केल्या. काम चांगले म्हणून काहीही विकता येत नाही, हे त्या निर्णयाने सांगितले. शाळेच्या बाबतीतही हेच. वर्गातला पहिला बाक, संमेलनातली प्रमुख भूमिका, झेंडावंदनाचा मान, आणि प्रवेश तर मुळीच नाही, यांपैकी काहीही बोलीवर जाता कामा नये. एका ठिकाणी झेंडावंदनाच्या मानाची बोली लावावी अशी सूचना आल्याचे मी ऐकले आहे. सूचना करणाऱ्याचा हेतू चांगलाच असेल. पण तो मान जो देईल त्याला मिळतो, असे एकदा मुलांनी पाहिले की नागरिकशास्त्राचा धडा शिकवायला कोणत्या तोंडाने उभे राहायचे?

पंडित मदनमोहन मालवीय यांनी काशी हिंदू विश्वविद्यालयासाठी एका संस्थानिकाचा जोडा लिलावात काढला, अशी एक गोष्ट सभांतून नेहमी सांगितली जाते. ती आख्यायिका म्हणूनच सांगावी. मालवीयजींनी देशभर फिरून कोट्यवधी रुपयांचा निधी उभारला हे खरे, पण तो श्रद्धेवर उभारला. न देणाऱ्याची फजिती करून पैसे काढण्याची ही गोष्ट मुलांना गमतीची वाटते, आणि गावात कोणी तिचा प्रयोग करायला गेला तर पुढच्या वर्षी मंडप रिकामा राहतो.

खानदेशाला मोठ्या दात्यांची परंपरा आहे. जळगावचे मूळजी जेठा महाविद्यालय आणि अमळनेरचे प्रताप महाविद्यालय, दोन्ही १९४५ सालची, दोन्ही नावांनीच त्याची साक्ष देतात. साने गुरुजी अमळनेरच्या ज्या हायस्कुलात १९२४ ते १९३० शिक्षक होते, त्यालाही प्रतापशेटजींचेच नाव आहे. पण जिल्हा परिषदेच्या हजारभर शाळांना हजारभर शेटजी कोठून मिळणार? धुळे जिल्ह्यात गेल्या दशकात याचे वेगळे उत्तर मिळाले. न्यूयॉर्कला नोकरी करणारे मूळचे धुळ्याचे हर्षल विभांडिक यांनी गावोगाव प्रेरणासभा घेतल्या. काही भार आपण उचलायचा आणि उरलेला गावाने, या अटीवर त्यांनी जिल्ह्यातल्या शाळांतून संगणक आणि प्रक्षेपक यंत्रे पोचवली. लिलाव तिथे नव्हता, पण चारचौघांसमोर उठून आकडा सांगणे होते. ते एकदा जमले की गावाला आपली शाळा आपली वाटू लागते.

या सगळ्यात दोन कायदे लक्षात ठेवावे लागतात. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश सभासद पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया. शासनाकडून येवो की अन्य कोठून, शाळेला आलेल्या पैशाच्या विनियोगावर देखरेख करणे हे त्या समितीचे कामच आहे. म्हणून पैसा समितीच्या बँक खात्यातच जावा, कोणाच्या घरच्या पेटीत किंवा एकट्या शिक्षकाच्या फोनवर नव्हे. त्याच कायद्यात प्रवेशासाठी देणगी घेणे दंडनीय आहे; तेव्हा बोलीत भाग न घेतलेल्या पालकाच्या नावाची यादी करण्याचा विचारही मनात आणू नये. दुसरा कायदा सार्वजनिक विश्वस्त संस्थांचा, १९५० चा. माजी विद्यार्थ्यांचे एखादे मंडळ, ज्याची नोंदणी झालेली नाही, ते पैसा गोळा करणार असेल तर त्याने कलम ४१ क प्रमाणे धर्मादाय कार्यालयाकडे आधी जावे. गणेश मंडळांच्या कार्यकर्त्यांना हे कलम पाठ असते. त्यांना विचारले तरी ते अर्ज भरून देतील.

शेवटी उधारीविषयी. हा सर्वांत नाजूक भाग. उत्सवाच्या बोलीत 'पैसे पुढच्या वर्षी' अशी चाल पुष्कळ गावांत आहे. हैदराबादजवळच्या बालापूरला गणपतीच्या लाडवाची बोली १९९४ साली ४५० रुपयांवर झाली होती. २०२४ साली तीच ३० लाखांच्या वर गेली. उत्सवात पैसे मागाहून आले तरी मंडळाचे चालते. शाळेचे चालत नाही. पाण्याची टाकी उधारीवर मिळत नाही, आणि बुडालेली बोली मागायला जायचे कोणी, तर मास्तरांनी! त्याच माणसाच्या मुलाची हजेरीही मास्तरच घेतात. पैसे थकले की आधी बाप शाळेकडे फिरकत नाही आणि मग हळूहळू मूलही गैरहजर राहू लागते. म्हणून मंडपाच्या दाराशी टेबल, टेबलावर समितीच्या दोन सभासदांपैकी एक बाई असावी, पावतीपुस्तकाला क्रमांक असावेत, आणि बोली संपल्याबरोबर रोख किंवा फोनवरून समितीच्या खात्यात पैसे भरले की पावती आणि वस्तू एकदम हातात. कोणी म्हणाला, पैसे उद्या देतो, तर वस्तू उद्या. कोणाची बोली भरली नाही तर फलकावर नाव लावू नये. दुसऱ्या बोलीवाल्याला विचारून वस्तू त्याला द्यावी.

लिलावानंतर आठ दिवसांच्या आत हिशेब शाळेच्या भिंतीवर लागावा. जमा किती, मंडपाला किती गेले, टाकीला किती, उरले किती. मोठ्या अक्षरांत, ज्याला वाचता येते त्याने इतरांना वाचून दाखवावा अशा जागी. चौथी-पाचवीच्या मुलांकडून ही बेरीज करून घेतली तर गणिताचा तासही होतो, आणि चूक असेल तर ती मुलेच दाखवतात. न विकलेली वस्तू देणाऱ्याच्या घरी त्याच संध्याकाळी परत पोचवावी, आणि वहीत तिच्या नावापुढे 'परत' असे लिहून त्याची सही घ्यावी.